डोळा ठरायला जागा

पहिले १२० चौकोन कापून झाल्यावर मी ते पहिल्यांदा एकत्र जमिनीवर मांडले आणि मांडता मांडताच माझा हात थांबला. सुटं बघितलं तर यातलं एकेक कापड इतकं देखणं होतं की दुकानात हातातून सोडवत नव्हतं. आता सगळी शेजारी शेजारी बसली तर एकही दिसेना. नुसती गजबज. निळं कुठे संपलं आणि काळं कुठे सुरू झालं ते जवळ जाऊन बघावं लागत होतं.

लेकीसाठी गोधडी करायची होती. ती बंगळुरूला नोकरीला लागली, तिने तिथे भाड्याने घर घेतलं आणि फोनवर म्हणाली, "आई, विकतची रजई नको, तिच्यात घामाघूम व्हायला होतं. तू गोधडी कर ना." गोधडी म्हटली की आपल्याकडे जुन्या लुगड्यांची. माझ्या मनात मात्र आत जुन्या सुती साड्यांचे थर आणि वर नवं, ठसठशीत छापाचं कापड असं होतं. ब्लाउज, फ्रॉक, परकर-पोलकी मी २० वर्षं शिवते आहे. पण तिथे गिऱ्हाईक कापड आणून देतं, मी मापाने शिवते. नऊ छाप एकमेकांशेजारी कसे नांदवायचे, हे मला कधी ठरवावंच लागलं नव्हतं.

सुरुवात कच्छपासून झाली. जानेवारीत आम्ही भुजला गेलो होतो, तिथून जवळच अजरखपूर आहे, अजरख म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या कापडाचं. २००१च्या भूकंपानंतर धमडका गावच्या खत्री कारागिरांनी वसवलेलं हे गाव. धमडक्याच्या पाण्यात लोह वाढलं आणि रंग बिघडायला लागले, म्हणून ही माणसं पाण्याच्या शोधात इकडे आली. तिथे एका अंगणात मी तासभर उभी होते. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात. मग चुना आणि डिंक यांच्या लगद्याचा ठसा मारतात, म्हणजे तेवढ्या जागी रंग बसत नाही. काळा रंग लोखंडाचं भंगार आणि गूळ आंबवून केलेला. लाल मंजिष्ठाचा किंवा अलिझरिन नावाच्या रंगाचा, निळा निळीच्या कुंडातला. छापायच्या प्रत्येक टप्प्याला वेगळा ठसा, आणि दुसरा ठसा पहिल्याच्या रेषेवर डोळ्याच्या अंदाजाने अचूक बसवायचा. एवढं बघितल्यावर रिकाम्या हाताने निघणं शक्य नव्हतं. एक मीटर निळं अजरख आणि एक मीटर लाल घेऊन आले.

पुण्यात परतल्यावर बाकीची कापडं हळूहळू जमली. प्रदर्शनातून जयपूरजवळच्या बगरूची दोन, मळकट पिवळसर जमिनीवर काळी-लाल बुट्टी. एक दाबू, म्हणजे चिखलाचा लेप देऊन निळीत बुडवलेलं. एक धार जिल्ह्यातल्या बाघ गावच्या छापाचं. रविवार पेठेतून दोन, त्यातलं एक हळदीच्या रंगाचं, वर तळहाताएवढ्या कैऱ्या. आणि सगळ्यांत आवडतं मच्छलीपट्टणमचं कलमकारी. मोहरीच्या रंगाची जमीन, त्यावर वेलीला लागलेलं नऊ इंच रुंद फूल. लहानपणी आमच्याकडे अशा छापील कापडाला चीट म्हणत, चिटाचा परकर, चिटाची उशी. प्रत्येकी एक मीटर, पन्हा ४३-४४ इंच. सगळी घरी आल्याबरोबर वेगवेगळ्या बादल्यांत भिजवली, दोनदा धुतली, सावलीत वाळवून इस्त्री केली. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि प्रत्येक कापड सारखं आटत नाही. न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यानंतर गोधडी जागोजागी ओढली जाते. एवढं मला शिवणकामातून ठाऊक होतं.

मग आलेखाच्या कागदावर आखणी केली. गोधडी ६० बाय ९० इंचांची, चार-चार इंचांचे चौकोन, म्हणजे कापताना साडेचार. प्रत्येक कापडातून आडव्या दोन पट्ट्या काढून तेरा-चौदा चौकोन पाडले. कागदावर पेन्सिलीने रंगवलेली जाळी छान दिसत होती. कागदावरच्या चौकोनात निळी पेन्सिल म्हणजे निळं, पण कापडातल्या निळ्याच्या पोटात पांढरे तारे असतात, लाल ठिपके असतात, काळ्या रेघा असतात, हे त्या कागदाला कुठून कळणार.

सगळ्यांत जिवाला लागलं ते कलमकारीचं. नऊ इंचांच्या फुलातून मी साडेचार इंचांचे तुकडे पाडले होते. एका चौकोनात अर्धी पाकळी, दुसऱ्यात देठाचा तुकडा, तिसऱ्यात नुसती मोहरीची जमीन. फूल कुठेच नव्हतं. कापडावर उभ्यात फुलांच्या दोन ओळी होत्या, त्यातली एक माझ्या कात्रीने संपवली होती. त्या रात्री मी उरलेलं कापड घडी घालून कपाटात ठेवलं, जमिनीवरचे चौकोन तसेच ठेवले आणि त्यांच्यावर एक जुनी चादर पसरली.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. या मावशी माण तालुक्यातल्या, आमच्या मागच्या वस्तीत राहतात आणि गोधड्या शिवून देतात. हाताचे टाके त्यांच्याकडूनच घालून घ्यायचे ठरले होते. चादर बाजूला करून त्यांनी कमरेवर हात ठेवून एक चक्कर मारली. म्हणाल्या, "ताई, समदं चांगलं हाय, पर डोळा ठरंना कुठं."

मी विचारलं, "म्हणजे रंग चुकले का?"

"रंग न्हाई चुकलं. येवढी मोठी नक्षी हाय, तिला वाईच जागा द्या की. आमच्याकडं मधी लुगड्याचा काठ घालत्यात, न्हाईतर साधी पट्टी."

त्या दिवशी मी फोनवर लेकीला फोटो पाठवला, तर तीही तेच वेगळ्या शब्दांत म्हणाली, "आई, डोळ्यांना टोचतंय गं." मग सहज म्हणून मी तोच फोटो फोनमध्येच काळा-पांढरा करून बघितला, आणि माझी चूक समोर आली. नऊ कापडांपैकी बहुतेक एकाच करड्या रंगाची दिसत होती. निळं अजरख, लाल अजरख, बाघ, दाबू, सगळी सारखीच करडी. रंग वेगळे होते, पण उजेड-अंधार एकच होता. उजळ दिसत होती ती बगरूची दोन कापडं आणि हळदीचं. आपल्या डोळ्याला लाल आणि निळा यांतला फरक जवळून कळतो, पण चार पावलं मागे गेलं की तो आधी उजळ आणि गडद वाचतो. ब्लाउजला काठ लावताना हेच मी नकळत करत आले आहे, गडद अंगाला उजळ काठ. गोधडीत ते का सुचलं नाही याचं मला फार वाईट वाटलं.

मावशींचं ऐकून पट्ट्या घालायचं ठरवलं. पण कसल्या? आधी केशरी साधं कापड घेतलं, माझ्याकडे पडून होतं. चार तुकड्यांमध्ये ठेवून बघितलं तर ती केशरी रेघच आधी डोळ्यांत भरायची, छाप मागे. मग पांढरंशुभ्र पॉपलिन. ते आणखी वाईट. प्रत्येक छाप जणू खिडकीच्या गजांमागे कोंडला. अजरखमधला पांढरा हा मुळात पांढरा नसतो, तो दुधाळ असतो, बगरूची जमीन तर हिरड्यामुळे पिवळसरच. त्यांच्याशेजारी शुभ्र कापड ठेवलं की ती मळकी दिसायला लागतात. शेवटी उशीच्या आतल्या खोळीसाठी आणलेलं कोरं, म्हणजे शुभ्र न केलेलं दुधाळ मांजरपाट पट्टीसारखं दुमडून मध्ये ठेवलं, आणि ते बसलं. बसलं म्हणजे दिसेनासंच झालं. अजरखच्या तार्‍यातला रंग आणि पट्टीचा रंग एकच, त्यामुळे छाप पट्टीपाशी येऊन अडायचा नाही, श्वास घेऊन पुढे जायचा. मी उठून दारात जाऊन बघितलं, स्टुलावर चढून बघितलं, डोळे बारीक करून बघितलं. प्रत्येक वेळी नजर आधी छापावर जात होती.

आता तुकड्यांचं माप. इथे मी नियम उलटा केला. आधी मी जाळी ठरवून कापड तिच्यात बसवत होते. आता प्रत्येक कापड टेबलावर उलगडलं आणि त्यालाच विचारलं की तुला किती जागा लागते. यासाठी पुठ्ठ्याच्या खिडक्या केल्या, चार इंचांची, आठची, सोळाची. खिडकी कापडावर सरकवत न्यायची आणि आतून काय दिसतं ते बघायचं. बगरूची बुट्टी चार इंचांच्या खिडकीत मजेत मावत होती, एका चौकोनात चार बुट्ट्या. अजरखचा ठसा चार-साडेचार इंचांचा, पण त्याची खरी गंमत एका ताऱ्यात नाही, तारे एकमेकांत गुंततात त्यात आहे, त्यामुळे त्याला निदान तीन-चार ठशांची रुंदी हवी. हळदीच्या कैऱ्यांना सोळा. कलमकारीला तर खिडकीच नको, उरलेली ओळ अख्खीच घ्यायची.

सोळा इंच ही रुंदी मी का धरली ते सांगते, कारण ती माझ्या चुकीतूनच आली. कापून ठेवलेले चौकोन शिवल्यावर चार इंचांचे होतात, चार जोडले की सोळा. म्हणजे सोळा इंचांचे तीन उभे पट्टे केले तर मोठे तुकडे आणि बगरूचे छोटे चौकोन एकाच पट्ट्यात मावतात. मध्ये अडीच इंचांच्या दोन कोऱ्या पट्ट्या आणि भोवती साडेतीन इंचांची किनार, एकूण बरोबर ६० इंच रुंदी. तुकड्यांची उंची मात्र ज्याच्या त्याच्या छापाप्रमाणे, कुठे बारा, कुठे अठ्ठावीस. त्यामुळे आडव्या पट्ट्या एका रेषेत आल्या नाहीत, विटांच्या भिंतीसारख्या सरकल्या. ते मला एकदम आवडलं.

बगरूचे २८ चौकोन असे मार्गी लागले. बाकीचे ९२ मी पिशवीत भरून ठेवले.

शिवायला बसले तर चौकोनांची पहिलीच रांग आखूड. साडेसोळा यायला हवी होती, भरली तीन सूत कमी, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मशीनच्या पायाच्या कडेला धरून शिवण मारली की दोन सूत दाब जातो असं मी धरून चालले होते. माझ्या जुन्या काळ्या मशीनचा पाय जरा रुंद, दाब जात होता अडीच सूत. ब्लाउजमध्ये अर्धं सूत कोणी बघत नाही. इथे चार चौकोनांत तीन शिवणी, प्रत्येक शिवणीला दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं, झाले तीन सूत. पट्टीने मोजून मशीनच्या पत्र्यावर दोन सुतांवर कागदी चिकटपट्टी लावली आणि पुढच्या सगळ्या शिवणी तिच्या कडेने मारल्या. आधीच्या रांगा उसवल्या.

उसवायची दुसरी पाळी लाल कापडाने आणली. मांडणीत निळं जास्त झालं होतं, उजवा पट्टा पार थंड वाटत होता. लाल अजरखचं कापड संपलेलं. म्हणून एका दुकानातून अजरखसारखंच दिसणारं एक लाल कापड घाईने आणलं, आणि मी जे कधी करत नाही ते केलं, न धुता शिवलं. इस्त्री करताना वर ओला फडका ठेवला, उचलला तर शेजारच्या कोऱ्या पट्टीवर गुलाबी डाग. तेव्हा कापड नीट उलटसुलट करून बघितलं. छाप एका बाजूलाच चकचकीत, पाठीमागे फिका, आणि प्रत्येक नक्षी दुसरीशी तंतोतंत सारखी. हाताच्या ठशात असं नसतं, दोन ठसे जिथे मिळतात तिथे केसाएवढी फट किंवा किंचित दाट रेघ राहतेच. ते कापड मी मिठाच्या पाण्यात ठेवलं, तुरटी घातली, पाणी लालच येत राहिलं. जो रंग धाग्यात मुरलेलाच नाही त्याला मीठ कसं धरून ठेवणार. तीन तुकडे उसवले, दोन कोऱ्या पट्ट्या बदलल्या. तेव्हापासून एक पद्धत घालून घेतली आहे. शिवण्याआधी प्रत्येक कापडावर पांढरा ओला रुमाल जोरात घासायचा आणि तो उजेडात बघायचा. निळीच्या कापडाचा थोडा निळा हात लागतो, तो वर बसलेल्या निळीचा असतो, दोन-तीन धुण्यांत जातो. लाल मात्र रुमालावर उतरला तर ते कापड गोधडीत घ्यायचं नाही.

उजव्या पट्ट्यात मग बाघचा तुकडा आला. त्याचा लाल जरा विटकरी, पण अंगचा.

सगळं जोडून झाल्यावर एक प्रश्न उरला होता, फुलाचं डोकं कुठे करायचं. कलमकारीची वेल वर चढते, कैऱ्यांनाही दिशा आहे. दारातून येणाऱ्याला सरळ दिसावी अशी ठेवली तर पांघरून झोपणाऱ्याला उलटी दिसते. मी दोघींना विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, पाहुण्यांना सरळ दिसायला हवी. मावशी म्हणाल्या, "जी पांघरनार तिला बघू द्या की ताई." फुलं मी पांघरणारीकडून सरळ ठेवली.

आतल्या थरासाठी सासूबाईंच्या दोन धुवट सुती साड्या काढल्या होत्या. एका साडीचे नव्वद-नव्वद इंचांचे दोन तुकडे उभे जोडले की एक पूर्ण थर होतो. असे दोन थर, खाली मऊ अस्तर. मावशींनी थर अंथरून हाताच्या कडेने मधून बाहेर सुरकुत्या काढल्या, कोपऱ्यांवर वजनं ठेवली आणि लांब कच्चे टाके घातले. मग दोऱ्यावरून आमचं अडलं. त्यांच्या मते पांढराच दोरा हवा, धावदोरा दिसला पाहिजे. निळ्या अजरखवर तो खरोखर सुंदर दिसत होता, तांदळाचे दाणे ओळीने मांडल्यासारखा. पण कलमकारीच्या फुलावर त्याच टाक्यांनी ओरखडे काढल्यासारखं होत होतं. मी म्हटलं, फुलावर टाके विरळ घालूया. त्यांनी मान हलवली, टाके विरळ पडले तर आतलं धुण्यात गोळा होईल. मग म्हटलं, तिथे तपकिरी दोरा घेऊया. तर म्हणाल्या, "फेरा तुटंल." गोधडीचा धावदोरा काठापासून सुरू होतो आणि चौकोनात चौकोन असा फिरत फिरत मध्याकडे येतो. तुकडा बदलला की दोरा बदलायचा, तर तो फेरा उरत नाही.

तेव्हा पिशवीतले ९२ चौकोन कामी आले. आठ चौकोन घेतले, खाली साडीचे थर लावले आणि प्रत्येकावर पांढरा, काळा, लाल आणि कोरा अशा चार दोऱ्यांच्या ओळी मावशींकडून घालून घेतल्या. दुपारभर आम्ही दोघी ते नमुने खिडकीत धरून बघत होतो. काळा अजरखमध्ये हरवला, लाल हळदीच्या कापडावर भडक झाला. कोरा दोरा निळ्यावर उठून दिसत होता, पट्टीवर विरघळत होता आणि मोहरीच्या जमिनीवर नुसता खळगा पडल्यासारखा जाणवत होता. मावशींनी तो नमुना बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, "ह्योच घ्या."

बोटाएवढ्या अंतरावर ओळी, एकेका फेऱ्याला जवळजवळ एक दुपार. बाहेरचे फेरे लांब म्हणून हळू सरकतात, आत येऊ तसे भराभर. मृग लागायच्या आधी संपवायचंच होतं, कारण गोधडी धुतल्यावर कडक ऊन मिळालं नाही तर आतला थर दोन दिवस ओला राहतो आणि वास धरतो. शेवटचा फेरा मधल्या पट्ट्यातल्या कलमकारीच्या फुलावर येऊन संपला. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. मावशींनी तिथे गाठ मारून दोरा आत ओढून घेतला आणि सुई बाजूला ठेवली.

पहिल्या धुण्यानंतर गोधडी सुमारे दीड इंच आटली, टाक्यांनी ओढल्यामुळे. कोऱ्या पट्ट्यांवर बारीक चुण्या पडल्या आणि छापही सगळीकडून थोडा फुगला, कलमकारीचं फूल तर आधीपेक्षा भरदार दिसायला लागलं. गच्चीवर वाळत घातली तेव्हा मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून परत एकदा डोळे बारीक करून बघितलं. निळं वेगळं, लाल वेगळं, हळदीचं वेगळं. फोनमधल्या काळ्या-पांढऱ्या फोटोतही गडद छाप आणि उजळ पट्ट्या आता वेगळ्या दिसत होत्या.

लेकीने आठवड्याने फोटो पाठवला. गोधडी पलंगावर आडवी टाकलेली, फुलांचे देठ खिडकीकडे. मी फोन करून म्हटलं, "अगं, ती उभी पांघरायची आहे, फुलं तुझ्याकडून सरळ येतात."

"माहीत आहे गं," ती म्हणाली, "रात्री उभीच घेते. दिवसा मी खिडकीत बसून काम करते ना, तिथून सरळ दिसावी म्हणून अशी टाकते."

पिशवीत अजून ८४ चौकोन आहेत. त्यातला कलमकारीचा प्रत्येक तुकडा मी वेगळा काढून ठेवला आहे. अर्ध्या पाकळ्या शेजारी शेजारी लावून बघते आहे, कुठे एखादं फूल पुरं होतंय का.